पावसावर वाद कसा घालावा : सेलू तालुक्यापुरती मार्गदर्शिका

मे महिना सरत आला की सेलूच्या मोंढ्यात कृषी सेवा केंद्रांपुढे बियाण्याच्या बॅगांची थप्पी लागते आणि समोरच्या हॉटेलात मतांची. यंदा पाऊस कधी, किती आणि कुणाच्या म्हणण्याप्रमाणे, हा प्रश्न महाराष्ट्रात सगळीकडेच चघळला जातो. पण सेलूची गोष्ट निराळी. राज्यभरातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ज्यांचे अंदाज फिरतात ते पंजाबराव डख याच तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. आणि वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात, परभणीला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथून हवामानाची आणि कृषी सल्ल्याची पत्रिका निघते. वादी आणि प्रतिवादी दोघेही घरचेच. एवढी सोय असूनही तालुक्यात वाद शास्त्रशुद्ध होत नाहीत, अशी जाणकारांची खंत आहे. (जाणकार म्हणजे तात्या. त्यांची ओळख पुढे येईल.) ती दूर करण्यासाठी ही कलमे.

कलम १ : वेळ. वाद सकाळी साडेआठनंतरच सुरू करावा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो. तेव्हा पर्जन्यमापक वाचतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लावतात. म्हणजे मंगळवारी रात्री दहाला कोसळलेला पाऊस कागदावर बुधवारचा. हे ठाऊक नसल्याने "मंगळवारी पडला" आणि "बुधवारी पडला" म्हणणारे दोघे एकाच पावसावरून तास-तास भांडताना आढळतात. त्यांना थांबवू नये. तेवढ्यात चहा कुणीतरी सांगतोच.

कलम २ : तात्या. प्रत्येक हॉटेलात एक तात्या असतो. नसेल तर तिथे बसू नये, हॉटेल बदलावे. तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. उभ्या नोकरीत जायकवाडीच्या चारीवरचे पाणी मोजले, पण घराच्या गच्चीवर पाऊस मोजायला डबा ठेवावा असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांच्या मोबाइलवर रोज चार अंदाज येतात: एक हवामान खात्याचा, एक डखांचा, एक पंचांगाचा, आणि एक पुण्याच्या मुलाने पाठवलेला, परदेशी अ‍ॅपचा. तात्या चारही मोठ्याने वाचतात. त्यांतला जो खरा ठरतो तोच त्यांनी आधीपासून मानलेला असतो. आणि चारही फसले तर?

"कामून हो तात्या, काल पडणार म्हणला होता ना?"

"पडला की! जिंतूरला पडला."

जिंतूरला पडला नसेल तर मंठ्याला पडलेला असतो. तिथेही नसेल तर परतूरला. तात्यांचा अंदाज चुकत नाही, फार तर गाव चुकते.

कलम ३ : अंदाज कसा उच्चारावा. नवशिके इथेच फसतात. "गुरुवारी दुपारी तीन वाजता आपल्या वावरात पाऊस" असे ते बोलून जातात आणि गुरुवारी चार वाजता त्यांना तोंड लपवावे लागते. मुरलेला माणूस "भाग बदलत पडंल" म्हणतो. डखांमुळे घराघरांत पोहोचलेले हे शब्द हॉटेलात हसण्यावारी जातात. पण हसणाऱ्याने आधी सरकारी पत्रक वाचावे. त्यात "तुरळक ठिकाणी पाऊस" असे असते, आणि त्याचा खात्याने ठरवलेला अर्थ असा, की त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पावसाची नोंद होईल. "बहुतांश ठिकाणी" म्हटले की ७५ टक्क्यांच्या वर. तेव्हा चारांतल्या तीन केंद्रांवर धूळ उडाली तरी "तुरळक" खरे ठरते, आणि आपले वावर म्हणजे काही केंद्र नव्हे.

यात कुणाची लबाडी आहे असे मार्गदर्शिकेला वाटत नाही. जूनमधला पाऊस मुळात तसाच. तापलेल्या जमिनीवरून हवा वर जाते, दुपारनंतर ढग उभा चढतो आणि काही किलोमीटरचा पट्टा भिजवून मोकळा होतो. बांधाच्या अलीकडचा भिजतो, पलीकडचा कोरडा राहतो. नेमके कुठले वावर, हे चार दिवस आधी कुणालाच सांगता येत नाही, न गुगळी धामणगावाहून, न पुण्याच्या हवामान खात्यातून. हवेतला सुरुवातीचा बारीकसा फरकही पुढे बेसुमार वाढतो, हे एडवर्ड लोरेंझ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले. म्हणून आठवड्यापलीकडची नेमकी तारीख कुणी ठासून सांगितली, तर आदराने ऐकावी आणि बॅग फोडू नये.

कलम ४ : पंचांग. इथे दोन्ही बाजूंची तयारी कच्ची असते. पंचांगवाला म्हणतो, मृगाचे वाहन यंदा अमुक, म्हणजे पाऊस तमुक. विज्ञानवाला म्हणतो, थोतांड. वाहन कसे ठरते, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही. ते असे: सूर्य ज्या नक्षत्रात शिरतो तिथपासून त्या वेळच्या चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे आणि नवाने भागायचे. बाकी एक उरली तर घोडा, दोन तर कोल्हा, तीन तर बेडूक. असे मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव करत करत हत्तीपर्यंत. म्हणजे बेडूक आला याचा अर्थ भागाकारात तीन उरले. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला ही बाकी कुणी कळवत नाही.

मात्र मृग नक्षत्राची चेष्टा करणाऱ्यानेही सावध राहावे. हे नक्षत्र सूर्याचे आहे, चंद्राच्या तिथीचे नाही. म्हणून ते दरवर्षी ७ किंवा ८ जूनच्या आसपासच लागते. केरळात मोसमी पाऊस पोहोचायची सरासरी तारीख १ जून. त्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यात तो आपल्याकडे सरकतो. घड्याळ-कॅलेंडर नसलेल्या शेतकऱ्याला हा दिवस आभाळातून वाचता येत होता, ही काही थोडी विद्या नव्हे. फक्त एक गोम आहे. पृथ्वीचा आस हळूहळू भोवरतो, त्यामुळे ही नक्षत्रे ऋतूंच्या तुलनेत दर ७१-७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या मानाने मृग आज जवळजवळ तीन आठवडे उशिरा लागतो. हा मुद्दा वादात हुकमी एक्का ठरावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो टाकल्यावर तात्या थोडा वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, "असंल. पण आमच्यात मृगावरच पेरतेत."

कलम ५ : एल निनो. पाऊस आला नाही की एल निनोला, म्हणजे प्रशांत महासागराच्या तापण्याला, शिव्या द्याव्यात. प्रशांत महासागराला हॉटेलात वकील नसतो. समोरचा फारच बोलू लागला तर १९९७ साल काढावे. त्या वर्षी एल निनो जबर होता, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. तोही मुरलेला असेल तर २०२३ काढेल: एल निनो होता आणि १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट देशाने त्याच वर्षी पाहिला. इथे बरोबरी मानून दुसरा चहा सांगावा.

कलम ६ : (तात्यांच्या हरकतीवरून वगळले.)

कलम ७ : भेंडवळ. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आखतात, भोवती अठरा धान्ये मांडतात, मधे चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठले ढेकूळ किती भिजले, कुठला दाणा कुठे सरकला, यावरून पावसाचे, पिकांचे आणि विड्याच्या पानावरून राज्यकर्त्यांचेही भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी आक्षेप घेतात, वर्तमानपत्रे दरवर्षी भाकीत छापतात. दिवाळीत ते कात्रण काढून कुणी ताडून पाहिल्याचे मात्र सेलूत तरी ऐकिवात नाही.

कलम ८ : वर्ज्य विषय. साईबाबांचे जन्मस्थळ. ते जन्मस्थळ म्हणून सांगितली जाणारी पाथरी हाकेच्या अंतरावर आहे आणि जानेवारी २०२० मध्ये या एका प्रश्नावरून शिर्डी बंद झाली होती. पावसाच्या वादात हा विषय घुसला तर पावसाचा निकाल लागत नाही आणि हॉटेलवाला शटर ओढतो.

कलम ९ : पोलीस ठाणे. वाद हाताबाहेर गेला तर तक्रार नोंदवता येते, असा दाखला आहे. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रूड पोलीस ठाण्यात थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. खात्याने चांगला पाऊस सांगितला, आम्ही पेरले, पावसाने ओढ दिली, बियाणे-खत मातीत गेले, असे त्यांचे म्हणणे.

या प्रकरणावर हसणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी आकडे पाहावेत. खात्याने त्या जूनमध्ये सरासरीच्या ९८ टक्के पाऊस सांगितला होता, हंगामअखेर झाला ९५ टक्के. चार टक्के इकडे-तिकडे धरून दिलेला अंदाज तंतोतंत मर्यादेत बसला. पण तो होता अख्ख्या देशाचा, चार महिन्यांचा मिळून. १८८६ साली खात्याच्या तेव्हाच्या प्रमुखाने, ब्लॅनफर्डसाहेबाने, हिमालयातल्या बर्फावरून नियमित मोसमी अंदाज द्यायला सुरुवात केली ती दुष्काळाच्या धास्तीने, सरकारला अंदाज यावा म्हणून. शिमल्याहून खात्याचे कार्यालय १९२८ साली पुण्याला आले. जुने पुणेकर अजून त्याला सिमला ऑफिसच म्हणतात. देशाची सरासरी काढण्यात ते ऑफिस तरबेज झाले. पण आनंदगावच्या माणसाला देशाची सरासरी पेरायची नव्हती. खाते खरे बोलले आणि शेतकरी खरा बुडाला. पोलिसांच्या नोंदवहीत दोन्ही बाजू खऱ्या असण्यासाठी रकाना नसतो.

कलम १० : मोजणे. हे कलम कुणी पाळत नाही, म्हणून तपशिलात देत आहोत. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा घ्यावा. झाडापासून, भिंतीपासून दूर ठेवावा. साडेआठला पट्टी उभी धरून मिलिमीटर वाचावेत, वहीत लिहावेत, पाणी ओतून द्यावे. झाले. बादली चालत नाही, कारण ती वर रुंद आणि खाली अरुंद असते, पाऊस फुगवून दाखवते. "माझा डबा मोठा, त्यात जास्त पडला" असे म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. कडा सरळ असतील तर तपेल्यात आणि पिंपात उंची सारखीच भरते, हे त्याला करून दाखवावे. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. अडीच मिलिमीटरच्या खाली पडला तर खाते तो पावसाचा दिवस धरत नाही, अंगणात कितीही चिखल होवो. आणि ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते आणि विद्यापीठ दरवर्षी सांगत असतात. दरवर्षी सांगावे लागते, यातच काय ते आले.

पोटकलम (अ) : त्याच वहीत डाव्या पानावर अंदाज लिहावेत, सगळ्यांचे, तारखेसकट, आणि घडण्याआधी. जुलैत "तीन दिवसांत पाऊस" असे शेंबडे पोर जरी म्हणाले तरी बहुतेक वेळा बरोबर ठरते. त्यात शाबासकी कशाची? त्या पोरापेक्षा कोण किती सरस, एवढेच पाहायचे. तपासणी सगळ्यांना सारखी हवी. डखांच्या पद्धतीला शास्त्रीय आधार काय, असे हवामान अभ्यासकांनी वेळोवेळी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. पण तात्यांना ही वही दाखवली तेव्हा त्यांनी ती बाजूला सारली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला.

"टक्के मला सांगू नका. दुबार पेरणी काय असती ते आमच्या घरानं पाहिलंय. बॅग उसनी आणायची, तीबी करपायची. पेरू का नको, तेवढं सांगा. सांगता येत नसंल तर जो सांगतो त्याचं ऐकूद्या."

यावर काय उत्तर द्यावे, याचे कलम तयार करता आलेले नाही. एवढे मात्र दिसते, की विद्यापीठाची पत्रिका "मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता" सांगते आणि डख बोलतात शेजाऱ्याच्या भाषेत, तारीख घेऊन, नाव घेऊन. चुकण्याचा धोका ते उघड उघड पत्करतात. एवढ्या लोकांनी ऐकले म्हणून २०२४ साली ते वंचित बहुजन आघाडीकडून परभणीत लोकसभेलाही उभे राहिले. तो निकाल त्यांच्या बाजूने बरसला नाही, पण अंदाज ऐकणारे काही कमी झाले नाहीत. विज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पत्रिका तात्यांच्या भाषेत वाचून दाखवायला सुरुवात केली, तर निम्मे वाद मिटतील. तसे झाल्यास हॉटेलवाल्याची हरकत विचारात घेतली जाईल.

कलम ११ : समाप्ती. वाद अर्धवट सोडायला एकच कारण मान्य आहे, ते म्हणजे वाफसा. पाऊस उघडल्यावर वावरातली मूठभर माती दाबावी. गोळा व्हावा, आणि खाली टाकला की फुटावा. चिकटून राहिला तर थांबावे, मुठीतच भुसभुशीत झाला तर उशीर झाला. मूठ जमली की कुणी कुणाचे वाक्य पुरे होऊ देत नाही. पंचांगवाला, अ‍ॅपवाला, डखवाला, सगळे एकाच सकाळी तिफणीमागे किंवा ट्रॅक्टरवर असतात. तात्याही उठतात. चहाचे पैसे अर्थातच कुणी दिलेले नसतात. हॉटेलवाला ते तात्यांच्या खात्यावर मांडतो आणि मागून ओरडतो, "पेरून झालं की या लवकर. खंड कधी पडतो ते ठरवायचंय!"