आहारप्रदर्शन

ऑडिओग्राम म्हणजे कानांचं प्रगतिपुस्तक. फरक एवढाच, की इथे जास्त मार्क पडले की नापास. पन्नाशीत मला दोन्ही कानांत 60 पडले. 60 डेसिबल! माणसं साधारण तेवढ्याच आवाजात बोलतात. म्हणजे लोकांचं बोलणं माझ्या कानाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन चपला काढायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. त्यातही स, श, फ अशी बारीक व्यंजनं आधी गळतात, स्वर टिकतात. थोडक्यात, मला मराठी ऐकू यायची ती अक्षरांवाचून, नुसत्या काना-मात्रांत.

मुळात मी बुजरा. "काय म्हणालात?" असं एकदा विचारायचो, दुसऱ्यांदा विचारायची लाज. मग मान डोलवायची. या मानेपायी एक विमा पॉलिसी आणि दोन भिशा गळ्यात पडल्या.

सोसायटीच्या गणपतीत सेक्रेटरी म्हणाले, "यंदा आभार तुमच्याकडे." मला ऐकू आलं 'आहार'. मान डोलली. समारोपाला मी मसालेभाताच्या पातेल्यापाशी डाव घेऊन उभा, तर स्टेजवरून खाणाखुणा सुरू. कुणीतरी ढकललं आणि डावासकट मी माईकसमोर! पाय लटपटले, काहीतरी पुटपुटलो. मागच्या रांगेतल्या आजोबांनी कानामागे हात धरला. त्यामुळे त्यांचं ओरडणं न ऐकताच कळलं: "आवाज येत नाही!"

"मलाही येत नाही!" मी म्हणालो.

मांडव हसला. ते हसू मी पाहिलं. खांदे गदगदले, पदर तोंडाला गेले, एक कवळी ऐनवेळी सावरली गेली. तेव्हा डोक्यात उजेड पडला: स्टेजवर बोलायचं आपण, ऐकायचं दुसऱ्यांनी. बहिऱ्याला याहून सोयीची जागा कुठली?

आता कानात यंत्र आहे आणि मी व्याख्यानं देतो. धास्ती होती प्रश्नोत्तरांची. म्हणून प्रश्न आधी मोठ्याने म्हणून घेतो, "आपला प्रश्न असा, की..." चुकला तर श्रोते दुरुस्त करतात, बरोबर निघाला तर म्हणतात, वक्ता मुरलेला दिसतो. वेळ संपल्याची घंटा तेवढी यंत्रातूनही पोचत नाही.

1824 साली व्हिएन्नात नववी सिम्फनी संपली, तेव्हा बेथोव्हेनला टाळ्या ऐकू येईनात. कॅरोलिन उंगर या गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवलं, असं सांगतात.

मलाही वळवतात. खुर्चीकडे.