नानांची चोपडी

सुप्याच्या पेठेत नानांना कुणी हसताना पाहिलेलं नाही आणि बंडीच्या खिशात चोपडी नसलेलंही पाहिलेलं नाही. लाल पुठ्ठ्याची, वर सुतळीचा वेढा. बी-बियाणं, खत, मजुरी यांतलं काही तिच्यात सापडायचं नाही, तो हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर. चोपडीत फक्त पोरं. लेकीचं लग्न होऊन बारा वर्षं झाली, तिचं खातं अजून चालूच आहे.

खरं तर सुप्यात अशी चोपडी बाळगायला छाती लागते. याच पेठेत 12 मे 1875 ला आसपासच्या गावांतले शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांत शिरले आणि वह्या-खतं रस्त्यावर आणून जाळली. दख्खनचे दंगे म्हणतात ते इथूनच पेटले. सरकारला जाग यायला चार वर्षं लागली. 1879 चा कायदा झाला आणि सावकाराने कुळाला पावती द्यायची, हिशेबाचा उतारा द्यायचा असं ठरलं. नानांच्या पोराला तो उतारा अजून मिळालेला नाही.

नानांचा चिकटपणा समजून घ्यायला हवा. बारामती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो. सुपं त्याच तालुक्यात, पण आमचा भाग जिरायती. जनाई-शिरसाई योजनेचं पाणी कधी सुटतंय, आपल्यापर्यंत येतंय की नाही, यात माणसाची निम्मी हयात जाते. असा माणूस पाणी मोजून देतो, दाणा मोजून टाकतो. शब्द तरी कशाला उधळेल?

पोराशी ते थेट बोलत नाहीत. तो समोर ताटावर बसलेला असतो आणि नाना चुलीकडे तोंड करून सांगतात, "त्याला म्हणावं, भाकरी घे आणखी." मधलं टपालखातं म्हणजे नानांची बायको, आमच्या काकू. दहावीत पोराला गणितात चौऱ्याण्णव मिळाले. नानांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि काकूंना विचारलं, "सहा कुठं सांडले म्हणावं?" पोरगा रडवेला होऊन गोठ्यात जाऊन बसला. चोपडीत त्या तारखेला नोंद आहे: पेढे, दोन किलो. कारणाच्या रकान्यात नुसती रेघ.

हे मला कसं ठाऊक? नानांचा चष्मा फुटला होता तेव्हा महिनाभर नोंदी मी करत होतो. मागची पानं चाळायची नाहीत अशी तंबी होती. चाळली. पोरगा पाच वर्षांचा असताना तापाने फणफणला, त्या रात्रीचं पान सापडलं. जीपभाडं बारामतीपर्यंत, औषधं, सलाइन. आणि खाली: चहा, नऊ कप. हॉटेलातला चहा म्हणजे पैशाची माती, असं म्हणणारा हा माणूस.

एकदा काकूंच्या भावाला राहवलं नाही. "दाजी, पोराशी दोन शब्द गोड बोलत जा की," म्हणाला. नाना शांतपणे म्हणाले, "सुप्यात मामा लोकांनी जरा जपून ऱ्हावं." पाव्हण्याला संदर्भ लागला नाही. 1656 मध्ये शिवाजीराजांनी सुपं ताब्यात घेतलं ते सावत्र मामा संभाजी मोहिते यांना कैद करून. नानांना इतिहास गरजेपुरता येतो.

पोरगा आता हिंजवडीत नोकरीला आहे. दर रविवारी फोन करतो. नाना एकच विचारतात, "पाऊस हाय का तिकडं?" काचेच्या इमारतीत बसून त्याला आठवडाभर आभाळ दिसलेलं नसतं, तरी तो खिडकीशी जाऊन बघून सांगतो. महिन्याला पैसे पाठवतो, ते नाना 'ठेव' म्हणून लिहितात. मी म्हणालो, "अहो, तुम्हाला खर्चाला दिलेत." तर म्हणाले, "आन् त्याला लागले मंजी?"

सून इंदापूरकडची, तोंडाने फटकळ. गेल्या दिवाळीत सगळे ओसरीवर बसलेले असताना तिने विषय काढलाच. "मामा, सुप्यात चोपड्या जाळायची पद्धत हाय म्हनं."

नानांनी चोपडी काढून तिच्यापुढे सरकवली. "जाळ की. मला पाठ हाय."

आणि सुरू झाले. बाळंतपणाच्या दवाखान्यापासून. पाळण्याची दोरी, गोवराचा मांत्रिक (वाया गेले), पहिली पाटी, दुसरी पाटी, पाटी हरवली म्हणून तिसरी. पोरगा तिसऱ्या पाटीला उठला आणि गुरांना वैरण टाकायच्या निमित्ताने जो गोठ्यात गेला तो जेवायलाच आला. सून मात्र शेवटपर्यंत बसून होती. चोपडी तिने मुकाट्याने परत दिली.

पाडव्याला नानांनी नवी चोपडी आणली, हळद-कुंकू वाहिलं आणि नातीच्या नावाने खातं उघडलं. पहिली नोंद मला दाखवली: फुगा, दहा रुपये. फुटला. दुसरा, दहा.