‘सर, लिंक पाठवा’: नव्या ग्रंथपालांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून तुम्ही रुजू झालात. वर्गीकरण, तालिकीकरण, रंगनाथनांचे १९३१ सालचे पाच नियम हे सगळं तुम्हाला पाठ असेलच. ते तसंच पाठ असू द्या, महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला नॅकची समिती आली की कामाला येईल. खाली दिलंय ते रोज लागतं.

ऑनलाइन विद्यार्थी तुमच्या गळ्यात कसा पडतो, ते आधी समजून घ्या. केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ ‘स्वयम्’ ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. पुढे २०२१ च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगानं एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करायला मुभा दिली. मग महाविद्यालयात सभा भरते आणि प्राचार्य विचारतात, “हे स्वयम्‌चं कोण बघणार?” मुरलेले प्राध्यापक लगेच डायरीत काहीतरी लिहायला लागतात. नवा माणूस तेवढा प्राचार्यांकडे बघत राहतो. तुम्ही बघितलंत. आता तुम्ही समन्वयक. महाविद्यालय ‘स्वयम्’वर आयआयटींचे कोर्स देणाऱ्या एनपीटीईएलचं ‘लोकल चॅप्टर’ असेल तर या माणसाला ‘स्पॉक’ म्हणतात. मानधन दोन्ही पदांना सारखंच, म्हणजे काही नाही.

सुरुवात पासवर्डपासून करायची. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ‘एन-लिस्ट’ नावाची सेवा चालवतं. त्यात हजारो ई-जर्नल्स आहेत, ई-पुस्तकं तर त्याहून कितीतरी जास्त, आणि महाविद्यालयानं वर्गणी भरली असेल तर घरबसल्या वाचता येतात. तुम्ही विद्यार्थ्यांचे ई-मेल भरायचे, तिकडून त्यांना युजरनेम आणि पासवर्ड जातो. ऐकायला सोपं आहे. पण पुष्कळ मुलांचं जीमेल खातं ज्या दुकानातून मोबाइल घेतला त्या दुकानदारानंच उघडून दिलेलं असतं. त्याचा पासवर्ड दुकानदाराच्या वहीत, आणि दुकान गुरुवारी बंद. हे निस्तरलं की पुढचा मेसेज येतो: “सर इनव्हॅलिड दाखवतंय.” घाबरू नका, इन्फ्लिबनेटला तर मुळीच फोन लावू नका. स्क्रीनशॉट मागवा. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो, आणि मेलमधून पासवर्ड कॉपी करताना त्याच्या शेपटाला एक रिकामी जागा चिकटून येते. मुलं ज्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतात ते पुष्कळदा या रिकाम्या जागेचंच काम असतं. ती खोडायला सांगा. पुढचे दोन दिवस तुम्ही महाविद्यालयातले संगणकतज्ज्ञ समजले जाल. शिपाईसुद्धा आपला फोन घेऊन येतील.

आता मुख्य विद्या. रात्री अकरा वाजता अनोळखी नंबरवरून मेसेज येतो: “सर पीडीएफ”. विषय नाही, लेखक नाही, स्वतःचं नाव नाही. डीपीवर गड किंवा बुलेट. अगदी नवखा ग्रंथपाल इथे चिडतो. थोडा मुरलेला चारशे पानांची एक फाइल ढकलून झोपी जातो. तुम्ही यातलं काहीच करू नका. विचारत राहा.

“कसली पीडीएफ?”

“बचत गट”

“पुस्तक हवंय की लेख?”

“काहीपण चालेल”

“सरांनी नेमकं काय करायला सांगितलंय?”

यावर ‘टायपिंग’ दिसतं, जातं, पुन्हा दिसतं. तेवढ्यात दात घासून घ्या.

“प्रोजेक्ट आहे. गावातल्या बायकांच्या गटांवर. माझी आई पण गटात आहे तर तिचं पासबुक चालेल का”

या एका ओळीसाठी आधीच्या सगळ्या ओळी सोसायच्या असतात. पासबुक चालतं, आईला विचारून. कर्ज कधी उचललं, हप्ते कुठल्या महिन्यात चुकले, पेरणीच्या दिवसांत की लग्नसराईत, हे कुठल्याच ई-जर्नलमध्ये छापलेलं नाही, आणि ते या मुलाच्या घरातल्या पेटीत आहे. त्याला आता आधाराला दोन-तीन लेख हवेत, चारशे पानं नकोत. डेटाबेसमध्ये ‘बचत गट’ टाकून हाती फारसं लागणार नाही. ‘सेल्फ हेल्प ग्रुप’ हे शब्द इंग्रजीत अवतरणचिन्हांत टाकायचे आणि पुढे महाराष्ट्र जोडायचं, हे त्याला करून दाखवा. नाबार्डनं १९९२ साली गट बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि नाबार्डचा सूक्ष्मवित्तावरचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतो, हेही सांगा. एखादी संकल्पना अडली तर मराठी विश्वकोश आहेच, तोही फुकट.

पूर्वी हे काम देवघेवीच्या काउंटरवर व्हायचं. मुलगा घुटमळला की कळायचं, याला हवंय ते हा मागत नाहीये. ऑनलाइन कोर्समध्ये घुटमळणारा दिसत नाही, तो नुसताच ऑफलाइन होतो. म्हणून प्रश्न तुम्हीच विचारायचा. माझ्या मते ग्रंथपालाचा पगार याच कामाचा आहे. बाकीचं एखादा चुणचुणीत कारकूनही करील.

हल्ली एक नवा प्रकार आलाय, त्याचाही सराव हवा. विद्यार्थिनी संदर्भसूची पाठवते आणि म्हणते, “सर, यातला तिसरा लेख कुठेच मिळत नाही.” लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष, खंड, पृष्ठक्रमांक सगळं टापटीप. लेख तेवढा कुणी लिहिलेलाच नसतो. त्या खंडातलं ते पान उघडलं तर तिथे भलताच विषय निघतो. ही करामत चॅटजीपीटीसारख्या साधनाची. खरं तर इतकी शिस्तीतली संदर्भसूची पाहूनच तुम्हाला संशय यायला हवा होता, आपली मुलं स्वल्पविराम इतके जपून देत नाहीत. नवशिक्यांनी असा एक लेख शोधण्यात अख्खी दुपार जरूर घालवावी, धडा पक्का बसतो. नंतर मात्र मुलीला रागावू नका. तिलाच त्या अंकाची अनुक्रमणिका उघडायला लावा, लेखाला डीओआय दिलेला असेल तर तो तपासायला लावा. पुढच्या वेळी तीच मैत्रिणींच्या याद्या तपासून देते.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पाठ्यपुस्तकांविषयी तुम्हाला काहीही ठाऊक नाही, असा चेहरा आरशासमोर उभं राहून बसवून घ्या.

वर्षाअखेरीस गुणवत्ता कक्षाला आकडे लागतात: किती लॉगिन, किती डाउनलोड, किती कार्यशाळा, शिवाय जिओ-टॅग केलेले फोटो. कार्यशाळेचा फोटो बॅनरसकट काढा, बॅनरवरची तारीख बरोबर आहे ना ते बघा. आईच्या पासबुकाच्या संभाषणाला त्या तक्त्यात रकाना नाही. ‘इतर’ या रकान्यात ‘१’ लिहून बघा, कुणी विचारत नाही.

आता सगळ्यात कामाचं, ते पेन घेऊन उतरवून घ्या. एनपीटीईएलच्या कोर्सला दर आठवड्याला असाइनमेंट असते, आणि ती बहुधा बुधवारी रात्री बंद होते. म्हणजे तुमचा बुधवार गेला. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये त्यातल्या उत्तम आठ धरतात, त्यांचे गुण २५. केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत पन्नास मिळवले म्हणून असाइनमेंटमध्ये आठच गुण असलेले चालत नाहीत. मुलं हे निकालाच्या दिवशी विचारतात, तुम्ही पहिल्या दिवशी सांगा.

आणि व्हिडिओ फुकट असले तरी परीक्षेला शुल्क आहे, तिचा अर्जही निराळा आहे. कोर्सला नाव घातलं की परीक्षेचा अर्ज आपोआप भरला गेला, असं मुलं धरून चालतात आणि बारा आठवडे मन लावून अभ्यास करून बाहेर राहतात. तेव्हा परीक्षा-नोंदणीची शेवटची तारीख आजच शोधा, ग्रुपवर टाका, दारावर चिकटवा, आणि ज्यांचा अर्ज आलेला नाही त्यांना एकेकाला फोन लावा.