मदतीला आलेली माणसं

मे महिन्यात तळकोकणात घर शाकारायचं निघालं की मुंबईहून मदतही निघते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून तर ती रातोरात पोचते.

काम किचकट असतं. मंगळुरी कौलं एकेक उतरवायची, शेवाळ घासायचं, कुजलेल्या रिपा बदलायच्या आणि कौलात कौल अडकवत सगळं पुन्हा वर चढवायचं. मुंबईत पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास पोचतो, सिंधुदुर्गात त्याआधीच. त्यामुळे घाई असते ती घरच्यांना. पाहुण्यांना रजा असते.

पहिल्या दिवशी सगळ्यांनाच छपरावर चढायचं असतं. भावोजी वासा सोडून नेमका कौलावर पाय देतात. मग ते खाली खुर्ची टाकून सूचना करतात. "अरे, सरळ पत्रे का नाही टाकत?" हा प्रश्न त्यांना दर वर्षी नव्याने सुचतो. मे महिन्यात पत्र्याखाली माणसाचं काय होतं, हे एसीत झोपणाऱ्याला कोण सांगणार!

दोन गड्यांच्या जेवणाच्या जागी आता बारा पानं. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं, मध्ये तीनदा चहा. काकूंच्या मदतीला कोणी आलेलं नसतं.

काम अखेर रोजंदारीचे गडीच करतात. फोटोत मात्र ते नसतात. "आपलं घर आपण शाकारलं" म्हणत तो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. मागोमाग हापूसच्या पेट्या, फणस आणि आगळाच्या बाटल्या स्टेशनवर जातात.

पडवीचा कोपरा तेवढा उघडा राहतो. तो गणपतीला आल्यावर करायचं ठरतं, भर पावसात.