सहा गोळ्यांचा दागिना

कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४च्या जानेवारीत ‘निर्भीक’ नावाची रिव्हॉल्व्हर बाजारात आणली. वजन अर्धा किलो, सांगाडा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा, मूठ लाकडी आणि किंमत १ लाख २२ हजार रुपयांच्या वर. खास महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून ती जाहीर झाली आणि सोबत आली ती दागिने ठेवतात तसली किरमिजी पेटी. त्या पेटीची तेव्हा बरीच टिंगल झाली. माझ्या मते ती पेटी ज्याला सुचली, तोच या व्यवहारातला एकमेव प्रामाणिक माणूस. आपल्याकडे परवाना काढून विकत घेतलेली हातबंदूक हा दागिनाच असतो. दुकानातून घरी आणलेल्या रिव्हॉल्व्हरीकडे लोक पहिल्या आठवड्यात घराची राखण आणि नेमबाजी अशा दोन कसोट्या लावून बघतात. या दोन्हींवर ती नापास होते आणि तरीही मालक खूश असतो. त्या खुशीचा उलगडा तिसऱ्या कसोटीवाचून होत नाही.

आधी नेमबाजी. सामान्य परवानाधारकाला ९ मिलिमीटर मिळत नाही, ती प्रतिबंधित ‘बोअर’मध्ये, म्हणजे नळीच्या मापात, मोडते. त्याच्या वाट्याला येते .३२. गंमत अशी की ही गोळी मुळीच वाईट नाही. आंतरराष्ट्रीय सेंटर फायर स्पर्धांत २५ मीटरवरून याच .३२च्या काडतुसाने अव्वल नेमबाज दहाचे वर्तुळ फोडतात आणि ते वर्तुळ जेमतेम ५० मिलिमीटरचे असते. पण त्यांच्या हातातले पिस्तूल किलोच्या वर भरते (मर्यादाच १४०० ग्रॅमची आहे), नळी दीडशे मिलिमीटरपर्यंत लांब असते आणि घोडा तुलनेने हलक्या दाबाने सुटतो. आपल्या रिव्हॉल्व्हरीची नळी तीनएक इंच, वजन त्याच्या निम्मे आणि घोडा असा जड की तो ओढता ओढता नेम शेजारच्या भिंतीवर जातो. वजन कमी म्हणजे झटका जास्त, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रात येते. जाहिरातीत फक्त ‘हलकी’ एवढेच येते. त्यातून काडतुसे किती घ्यायची हे परवान्यावर लिहिलेले असते आणि सरावाला रेंज शहरात एखादीच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, त्यामागे वर्षानुवर्षे झाडलेल्या गोळ्या आहेत. आपला परवानाधारक वर्षभरात जेवढ्या गोळ्या बाळगतो, तेवढ्या असा खेळाडू सकाळच्या सरावात संपवत असेल. तेव्हा ‘छंद म्हणून घेतलीय, टार्गेट शूटिंगला’ असे कोणी म्हणाले तर त्याला एअर पिस्तूल सुचवावे. ते स्वस्त पडते, ऑलिंपिकमध्येही चालते. मात्र ते कमरेला शोभत नाही.

आता राखण. २०२३ साली कानपूरहूनच ‘प्रबळ’ आली. तिचे चक्र बाजूला उघडते आणि मारा ५० मीटरपर्यंत, असा दावा आहे. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ५० मीटर अंतर शोधायचे तर समोरच्या सोसायटीत शिरावे लागेल आणि गोळीही तिथेच शिरेल. पण अंतराचा प्रश्न नंतरचा, आधी वेळेचा बघू. शस्त्र सुरक्षित ठेवायचे, लहान मुलांच्या हाती लागू द्यायचे नाही, ही परवानाधारकाची जबाबदारी. म्हणजे कपाट, कुलूप आणि किल्ली. चोर मध्यरात्री येतो, न कळवता येतो आणि मालक चष्मा शोधतोय तोवर थांबत नाही. कुलूप न लावता उशाशी ठेवावी, तर ती आधी घरच्यांच्याच वाट्याला येते. १ ऑक्टोबर २०२४ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या स्वतःच्या परवानाधारक रिव्हॉल्व्हरीतून सुटलेली गोळी त्यांच्याच पायात गेली. त्यांच्या सांगण्यानुसार ती कपाटात ठेवताना हातातून निसटली होती. घरात चोर नव्हता, भांडण नव्हते. ते बरे झाले हे चांगलेच झाले. पण नोंद एवढीच की शस्त्राने त्या पहाटे घरात जो माणूस सापडला त्यालाच गाठले.

कायदाही गमतीचा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ प्रमाणे मालमत्तेच्या बचावासाठी प्राण घेण्यापर्यंत जाता येते, पण घरफोडी असेल तर ती सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधीची हवी. दिवसाउजेडी शिरलेल्या चोराबाबत आधी आपल्या जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त धास्ती वाटावी लागते. शिवाय बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. थोडक्यात, खिडकीशी खुडबुड झाली की मालकाने उठावे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सूर्यास्ताची वेळ बघावी, धास्ती रास्त आहे का ते ठरवावे आणि मग किल्ली शोधावी. कायद्याचे तत्त्व योग्य आहे, चोरीला मृत्युदंड नसतो. फक्त ते तत्त्व आणि दुकानदाराने दाखवलेले स्वप्न एका कपाटात मावत नाहीत.

यावर नेहमीचा आक्षेप तयार असतो: गुंडाकडे गावठी कट्टा असतो, मग सज्जनाने हात बांधून बसायचे का? प्रश्न वाजवी आहे. पण कट्टेवाल्याची खरी ताकद कट्ट्यात नसते. वेळ आणि जागा तो निवडतो, यात असते. ही बाजू सव्वा लाख देऊनही विकत मिळत नाही. दुसरा आक्षेप असा की शस्त्र घरात आहे एवढ्यानेच वचक बसतो. तसे असेल तर आकडे बघू. २०१६च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्रपरवाने होते, त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात ८४ हजार. उत्तर प्रदेशची लोकसंख्या आपल्या दुपटीहून कमी, परवाने पंधरापट. या हिशेबाने तिकडचा माणूस दार उघडे टाकून झोपायला हवा. अमेरिकेचा दाखला दिला की लोक म्हणतात, तिकडचे वेगळे. पण तिथले संशोधक आर्थर केलरमन यांचा १९९३चा अभ्यास घराविषयीच होता: ज्या घरात बंदूक, तिथे घरातच खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट आणि मारणारा बहुधा नात्यातला किंवा ओळखीचा. धोका असलेली माणसेच बंदूक घेतात, म्हणून आकडा फुगतो, अशी टीका त्यावर झाली आणि ती गैर नव्हती. पुढे २०२२ साली कॅलिफोर्नियातल्या अभ्यासाने ज्यांनी स्वतः बंदूक घेतली नाही, पण घेणाऱ्याबरोबर जे राहतात, त्यांनाच मोजले. त्यांचा खून होण्याचे प्रमाणही दुपटीहून जास्त निघाले. घरातली भांडणे आपल्याकडे कमी होतात असे मानायला निदान मराठी मालिका बघणाऱ्याने तरी धजू नये.

आणि निवडणूक आली की सगळा डोलाराच पोलीस ठाण्यात जमा होतो. २०२४ साली महाराष्ट्रात १६ मार्च ते ४ जूनचा निकाल आणि १५ ऑक्टोबर ते २३ नोव्हेंबरचा निकाल अशा दोन आचारसंहिता झाल्या. सरसकट सगळ्यांना नव्हे, पण छाननीत ज्यांची नावे निघाली त्यांना शस्त्रे ठाण्यात ठेवावी लागली. ‘जिवाला धोका’ हे कारण लिहून घेतलेले शस्त्र वर्षातले जवळपास चार महिने सरकारच्या कपाटात आणि जीव घरी. त्यातून सूट मिळते ती बँकेच्या पहारेकऱ्यांना आणि स्पर्धेतल्या नेमबाजांना. म्हणजे कागदी वर्तुळ फोडणारे शस्त्र सरकारला निरुपद्रवी वाटते आणि संरक्षणासाठी दिलेल्याचीच भीती. याहून स्वच्छ अभिप्राय कोणत्या परीक्षकाने दिला असेल?

मग मालक खूश का? कारण तिसरी कसोटी दिसण्याची आणि तिथे पैकीच्या पैकी गुण आहेत. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर त्या जिल्ह्यातल्या परवान्यांची मोजदाद झाली, तेव्हा आकडा हजाराच्या पुढे निघाला. पाठोपाठ कमरेला पिस्तूल लावलेल्यांची आणि हवेत बार काढणाऱ्यांची चित्रे फिरू लागली. त्यात घरफोडी कुठेच नव्हती. कपाटात राहते ते संरक्षण, शर्ट वर सरकवून दिसते ती प्रतिष्ठा. वरातीत बार उडवणे २०१९च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. संसदेला तसे स्वतंत्र कलम घालावे लागले, यावरून या शस्त्राचा मुख्य वापर कोणता ते कळावे. सरकारने आता अर्जातला ‘कारण’ हा रकानाच बदलावा. ‘जिवाला धोका’ऐवजी ‘लग्नकार्य, वाढदिवस आणि फलक’ असे पर्याय द्यावेत, वजनावर घडणावळ लावावी आणि हॉलमार्क सक्तीचा करावा. महसूल तरी नीट जमा होईल.

या सगळ्यात एक वर्ग मात्र खरोखर वापरासाठी बंदूक ठेवतो. कोकणातल्या शेतकऱ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते. ती जुनी, लांबलचक, कमरेला लावण्याची सोय नसलेली. तिच्यासोबत किरमिजी पेटी येत नाही आणि तिचा फोटो कोणी काढत नाही. निवडणुकीत तीही जमा करण्याचा हुकूम निघतो. रानडुकरांना आचारसंहिता कोण समजावणार, हे तिथले लोक तहसीलदाराला विचारत असतात.