गडग्यावरचा दगड

"हात टेकू नको, वरचा दगड सुटलाय." पोलादपूरहून कापड्यावरून हाडं खिळखिळी करत उमरठला पोचलो, आंघोळ करून परड्यात आलो, तर काकीचं हे स्वागत. पलीकडे ती सुपात वाल सोलत बसलेली.

"गेल्या शिमग्यालाही सुटलेलाच होता की."

"मग? गडगा तुमचा. तुमीच बसवायचा."

आमच्या बापानं आयुष्यभर हेच वाक्य तिकडे फेकलं होतं.

"नवमीला आलास व्हय?" तिनं विषय बदलला. माघ वद्य नवमी म्हणजे तानाजीची पुण्यतिथी. कोंडाणा पडला तो ४ फेब्रुवारी १६७०ला; काकी मात्र ती गोष्ट परवा घडल्यासारखी सांगते. "मढेघाटातनं उतरवला बाबा त्याला. केळदच्या बाजूनं. केवढा घाट तो! रिकाम्या हातानं उतरताना गुडघे बोलतात, नि हितं खांद्यावर मानूस. म्हून तर मढेघाट नाव."

"जन्म मात्र जावळीतल्या गोडवलीचा म्हणतात."

"असंल. पाळणा त्यांचा, समाधी आपली. शेलारमामाबी हितंच. नि धाकला सूर्याजी तिकडं साखरला." तिन्ही घरं आपल्याच भाऊबंदांची असल्यासारखं सांगते ती. हाताखाली वाल पटापट सुटत होते.

"सिनेमा आला नि सगळ्यांना उमरठ आठवलं," ती म्हणाली. तानाजीवरचा, २०२०चा. "गाड्या येतात, समाधीजवळ फोटू काढतात. एक पोर मला म्हनते, आजी, तुमी मालुसऱ्यांच्या का? म्या म्हनलं, मी शेजारची. तर फोटूच काढला नाय माझा!"

मग माझ्या पुतण्याच्या लग्नाची उलटतपासणी. मुलगी कुठली, कोण मामा, तारीख का ठरेना. सुट्ट्यांचं जुळत नाही, मी सांगितलं. आमच्याकडे बायकांनी शेत धरायचं आणि बापयांनी मुंबई. आधी गिरण्या होत्या, आता मिळेल ती नोकरी. तेव्हा मुहूर्त भटजी काढतो, पण मंजूर करतो मुंबईतला साहेब.

"त्यानं पोराचं लगीन थांबवलं कोंडान्यासाठी," काकी म्हणाली. "तुझा भाव थांबवतोय रजेसाठी."

रायबाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला गेला आणि गड घ्यायला निघाला, ही कथा आमच्याकडे कुठल्याही लांबलेल्या लग्नाला लागू पडते.

"मे म्हैन्यातच करा. वाडी तेवा भरते. पावसाळ्यात नको." 'पावसाळ्यात' म्हणताना तिची नजर घरामागच्या डोंगराकडे गेली. २२ जुलै २०२१च्या दरडी. आपल्या तालुक्यात केवनाळे, साखरची सुतारवाडी. महाडकडे तळीयेची कोंढाळकरवाडी. आमच्याकडे वाडी म्हणजे बऱ्याचदा एकच आडनाव, त्यामुळे दरड कोसळली की बातमीतली नावं वाचताना एकच आडनाव पुन्हापुन्हा येतं. बाहेरच्याला ती छपाईची चूक वाटेल.

काकीच्या सुपातला एक वाल उडून खाली पडला. तिनं तो उचलला, पदराला पुसला आणि परत टाकला.

"त्या रातीला तुजी आय नि मी एकाच घरात बसलो. सगळी रात. गडगा कुनाचा, ह्यो इषयबी निघाला नाय," ती म्हणाली. "सकाळी उजाडलं, पाऊस हलका झाला, नि मग निघाला."

मी हसलो. सुटलेला दगड दोन्ही हातांनी उचलला. खाली मुंग्यांची मोठी वसाहत होती. त्यांना बाजूला होऊ दिलं आणि दगड खाचेत बसवायला लागलो.

काकी सूप घेऊन उठली. एक डोळा मिटून तिनं गडग्याची रेघ पाहिली.

"जरा तुज्याकडं घे."

"काकी, वीतभर तुझ्याकडे आधीच आलाय!"

"तेच म्हनते मी. आलाय तर परत ने ना."