दोन सूत

"निघोजेला राहतो" म्हटलं की पुण्यातले पाहुणे डोळे विस्फारतात. "म्हणजे रांजणखळग्यांचं गाव ना?" ते निघोज, पारनेर तालुक्यातलं, कुकडीकाठचं. आमचं निघोजे खेड तालुक्यातलं, चाकण एमआयडीसीच्या पोटातलं. खळगे आमच्याकडेही आहेत, पण ते रस्त्यात. आणि ते घडवायला निसर्गाला एक पावसाळा पुरतो.

इथल्या बहुतेकांसारखा मीही गाड्यांच्या जिवावर जगतो. हुद्दा क्वालिटी इन्स्पेक्टर. एखाद्या भोकाचा व्यास 20 मायक्रॉननं जास्त भरला की मी शांतपणे लाल टॅग लावतो आणि जेवायला जातो. जेवण बिघडतं ते दुसऱ्याचं. अशा माणसानं लाकडाला हात लावू नये. मी लावला.

कारण मुस्तफा. कॅपकॉमनं 1993 साली काढलेल्या त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. पण पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफापुढे आम्हा पोरांना ना कॅडिलॅक दिसली ना डायनासोर. दळणाच्या पैशांतला रुपया त्या मशीनच्या पोटात किती वेळा गेला, ते आईला अजून ठाऊक नाही. कुदळवाडीची भंगाराची दुकानं 2025 च्या फेब्रुवारीत जमीनदोस्त झाली. त्याच्या आदल्या दिवाळीत तिथल्याच एका ढिगात तसलं मशीन दिसलं आणि मी ते छोट्या हत्तीत घालून इंद्रायणीपार आणलं. बायकोनं दारातच विचारलं, "हे कुठल्या देवाचं?"

देवाची अवस्था वाईट होती. खालच्या कडा पाणी पिऊन पुरीसारख्या फुगलेल्या. जॉयस्टिक-बटणांची फळी तर हात लावताच पापुद्रे सोडायला लागली. नवी करायची ठरली. 19 मिलिमीटरचा प्लाय आणला, व्हर्नियरनं तीनदा मापं घेतली, पुढची कड उताराला जुळावी म्हणून तिरकी तासली आणि होल सॉनं 30 मिलिमीटरची सहा भोकं पाडली. फळी जागेवर ठेवून पाहतो तर जॉयस्टिक उजव्या हाताला, बटणं डाव्या. आखणी मी मागच्या अंगानं केली होती! मापं तंतोतंत बरोबर. फक्त बाजू चुकली. फळी उलटवावी, तर तासलेली कड आडवी आली.

निघालेल्या चकत्याच पुन्हा बसवू म्हटलं, तर त्या खुळखुळ्यासारख्या वाजायला लागल्या. करवतीचे दात मधलं लाकूड खातात, म्हणून भोकात त्याचीच चकती कधी बसत नाही. बोललेला शब्द गिळायला जावं, तर तोही असाच बसत नाही.

शेवटी गल्लीच्या टोकाला पाइनवूडच्या पेट्या ठोकणाऱ्या मिस्त्रीमामांना बोलावलं. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तंबाखू मळायला घेतली. "35 ची करवत लावा साहेब. चकती मोठी निघंल, ती कानशीनं घासत घासत आणा." तसं केलं. फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून फटीत दाबला, वर वरवंटा ठेवला. सकाळी रंधा मारून नवी भोकं पाडायला बसलो, तर शेवटचं अर्धं चकतीवर, अर्धं फळीवर येत होतं.

"तिथं करवत पळंल," मामा म्हणाले. "दोन सूत सरकवा."

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "मामा, सहा मिलिमीटरच्या वर जातं हे! कंपनीत एवढ्यात अख्खा लॉट रिजेक्ट होतो."

"कंपनीत लोखंड असतंय. लाकूड दोन सूत ऐकून घेतं."

सरकवलं. वरून सनमाईका चिकटवल्यावर चकत्या दिसेनाशा झाल्या. मला मात्र दिसत होत्या.

त्या रविवारी जुनी फळी फोडायला घेतली. सनमाईका उचकटली आणि हात थांबला. खाली सहा गोल चकत्या, कडेनं भुसा भरलेला; जॉयस्टिकची जागा उजवीकडे, बटणांची डावीकडे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कुण्या मिस्त्रीनंही मागूनच आखलं होतं. त्याच फळीवर कुठल्याशा गावाची पोरं शाळा बुडवून खेळून गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही. आमच्या भाषेत हा रिपीट डिफेक्ट. याच्या मुळाशी जायला पाच वेळा 'का' विचारायचा असतो. माझा शोध पहिल्याच 'का'ला संपला: माणूस फळीच्या मागे उभा होता. मी ती फळी फोडली नाही. मशीनच्या आत, माझ्या फळीसमोर स्क्रूनं बसवून टाकली.

परवा मुलगा खेळता खेळता हरला. "बाबा, हे शेवटचं बटण जरा लांब आहे."

सवयीनं खिशातून व्हर्नियर काढला, लावून पाहिला. 6.3 मिलिमीटर. व्हर्नियर परत खिशात टाकला.

"बटण बरोबर आहे," मी म्हटलं. "बोट लांब कर."